शॉकपचं ऑइल सील घरी बदललंय का कुणी? अनुभव टाका

डबलस्टँड
काल पार्किंगमध्ये शेजाऱ्यांच्या पल्सरच्या पुढच्या पाईपवर तेलाची ओली रेघ दिसली. म्हणजे शॉकपचं ऑइल सील, आतलं तेल अडवणारी रबरी कडी, गळतंय. खाली बॉटम केसवर (पाईप ज्यात सरकतो ते नळकांडं) धूळ बसून काळी पुटं. सांगितलं तर म्हणाले, "चालतीय की गाडी." आणि एकदम काकांची आरएक्स १०० आठवली. वाड्याच्या अंगणात सगळं उघडून बसायचे. इंजिनखाली लाकडाचा ठोकळा, चाक काढलेलं, मडगार्ड तुळशीपाशी, आणि आम्ही पोरं पाने हातात द्यायला. काकांचा एकच हट्ट: गळो एक नाहीतर दोन, सीलं दोन्हीकडची बदलायची आणि तेल दोन्हीकडे सारखं, मापून.
पुढे मी तेच युनिकॉर्नवर गॅलरीत केलं. तुमचे किस्से येऊ द्या.

सांडशी
वरचा कॅप बोल्ट शॉकप गाडीवर असतानाच ढिला करा. आधी वरच्या टीचा (पाईपला वरून पकडणारी पट्टी) बोल्ट सैल, मग कॅप. शॉकप काढून हातात घेतलात तर पाईप नुसता गोल फिरत बसतो. खालच्या अ‍ॅलन बोल्टचंही तेच, तो ज्यात बसतो तो आतला डँपर रॉड सोबत फिरतो. स्प्रिंग आत असतानाच शॉकप दाबून धरा, रॉड अडतो नि बोल्ट सुटतो. कॅप शेवटच्या आट्यांवर आली की तोंड बाजूला. स्प्रिंग उडते.

मोरीतलं गॅरेज
अंगण, गॅलरी... मजा आहे बुवा तुमची. आमच्या ह्यांनी मोरीत केलं. जुनं तेल ओतल्यावर जो वास सुटला, सडलेल्या बांगड्यासारखा! सासूबाई शुद्ध शाकाहारी. पुढचं सांगत नाही.

मालवणी खाजा
बांगड्याला नावं ठेवायची नाहीत.

मोरीतलं गॅरेज
सडलेल्या म्हटलंय हो, ताज्याला नाही 😄

चिखलवाट
लगेच उघडू नका. पुष्कळदा सील फाटलेलं नसतं, ओठाखाली (पाईपला घासणारी रबरी कड) कचरा अडकलेला असतो. डस्ट सील (ऑइल सीलच्या वरचं, धूळ अडवणारं) पेचकसने हळू वर उचला. जुन्या एक्सरेची पट्टी कापा, टोकाला आकडीसारखी खाच पाडा, पाईपला चिकटवून सीलच्या आत सरकवा, गोल फिरवून ओढा. काळा गाळ निघतो. आमच्या अण्णांच्या गुडघ्याचा एक्सरे कामी आला. गुडघा अजून दुखतोय, गाडी मात्र गळायची थांबली.
पाईप गंजलेला असेल तर हे उपयोगाचं नाही. नख फिरवून बघा. बारीक ठिपका असेल तर २००० नंबरचा पॉलिश पेपर, तेल लावून. खड्डा नखाला लागत असेल तर तो नवं सीलही खाणार. पाईपच बदला.

वाचनमात्र
खर्च किती येतो साधारण? अ‍ॅक्टिव्हाचं पण असंच असतं का?

डबलस्टँड
जुनी ११० सीसीची असेल तर पुढे हे शॉकपच नाहीत, बॉटम लिंक आहे (चाक छोट्या दांडीवर झुलतं), ती वेगळी भानगड. २०२० ला अ‍ॅक्टिव्हा ६जी आली तेव्हा टेलिस्कोपिक (पाईपात पाईप सरकणारे) झाले. खर्च म्हणाल तर सीलांपेक्षा मजुरी जास्त, म्हणून तर घरी.

पेठकर
पुण्यात नाना पेठेत सील आणायला जाताना जुनं काढून खिशात न्या. मापं बहुतेक सीलवरच असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. नुसतं मॉडेलचं नाव सांगितलं की "हेच बसतं, घेऊन जा". आणि गाडी घेऊन जाऊ नका, लावायला जागा मिळाली तर लॉटरीचं तिकीट काढा.

श्टुटगार्टहून
इथे जर्मनीत दुचाकीची दर दोन वर्षांनी तपासणी. शॉकप गळताना दिसला की पास झाल्याचं स्टिकर विसरा. गॅरेजचा ताशी दर ऐकून सरळ तळघर गाठलं. सील ठोकायचं खास हत्यार महाग, म्हणून पीव्हीसी पाईपचा तुकडा, तोंड काटकोनात कापलेला. नव्या सीलवर जुनं ठेवून ठोकायचं. बद्द बद्द वाजतंय तोवर सरकतंय, टण्ण वाजलं की टेकलं. सर्कलिपची (सीलला वरून अडवणारी तारेची कडी) खाच पूर्ण उघडी दिसली पाहिजे. पाईपच्या टोकाची धार सीलचा ओठ कापते, म्हणून वर प्लॅस्टिकची पिशवी, तेल चोपडून, आणि त्यावरून सील. मी आईने पाठवलेल्या भाकरवडीची वापरली. तेवढ्यासाठी आधी भाकरवडी संपवावी लागली.

सांडशी
सीलची बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू खाली, तेलाकडे. अक्षरं वर. अ‍ॅलन बोल्टचा तांब्याचा वायसर नवा टाका, नाहीतर सील कोरडं आणि तळ गळका.

घाटवेडा
माझ्या जुन्या हिमालयन ४११ ला शॉकपवर रबरी बूट आहेत म्हणून मी निवांत होतो. वरंधा घाटात पावसाळाभर फिरलो, बूट वर सरकवला तर आत चिखल. धुताना बूट उचलून पुसत जा.
तिचे पाईप ४१ मिमीचे, बुशवाले (आत पाईप सरकायला धातूची कडी). सर्कलिप काढून पाईपला झटके दिले की बुशच सीलला बाहेर घेऊन येतो. छोट्या गाड्यांत बुश नसेल तर पाईप अलगद हातात येतो आणि सील खालीच बसून राहतं. तिथे टायर लिव्हर. काठाला फडकं ठेवा, अ‍ॅल्युमिनियम आहे, ओरखडा पडतो.

मोरीतलं गॅरेज
ब्रेकचं कुणीच लिहिलं नाही! गळणारं तेल डिस्कवर गेलं की पॅड पितात. वरून पुसून भागत नाही, नवेच टाकायचे. त्या पल्सरवाल्यांना विचारा, चालतीय ते ठीक, थांबते का? आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सुतळीने टांगून ठेवा, ब्रेकच्या होजवर (नळीवर) लोंबकळू देऊ नका. चाक बाहेर असताना पोरांनी ब्रेक दाबला की पिस्टन बाहेर. आमच्याकडे लिव्हरला फडकं बांधतात.

वाचनमात्र
बापरे. माझी ६जीच आहे. टायर लिव्हर म्हणजे पंक्चरवाल्याकडची चपटी पट्टी ना?

पेठकर
तीच. अवांतर: आरएक्सचं पुढचं मडगार्ड कुणाकडे पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ओरिजिनलच पाहिजे.

मालवणी खाजा
धागा शॉकपचा आहे हो पेठकर. (आहे माझ्याकडे, डावीकडे चेपलंय. व्यनि केलाय.)