पुन्हा कधीच न लागलेल्या मालिका: तुमच्या आठवणी लिहा

आजोळ
आई ८१ वर्षांची. तीन महिन्यांपूर्वी मोरीत पाय घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून घरातल्या घरात फेऱ्या चालू आहेत. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी सांगते, आजी, वीसपर्यंत आकडे मोजा आणि पाय उचला. आईचे आकडे हल्ली बाराच्या पुढे अडखळतात. परवा तिने मोजणं सोडलं आणि 'बीज अंकुरे' म्हणायला लागली. 'गोट्या'चं शीर्षकगीत! एकेका शब्दाला एकेक पाऊल. तशीच म्हणत म्हणत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचली. सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता येत नाही तिला, पण मधुकर आरकड्यांचे शब्द आणि अशोक पत्कींची चाल जशीच्या तशी.

तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता. घरमालकांकडे जायचो. मी खाली सतरंजीवर, आई दाराशी उभी. हाताला कणीक लागलेली असायची. गोट्या पोरका मुलगा, त्याला कुणी काही बोललं की आई मनगटाने डोळे पुसायची. ती मालिका ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावर होती हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

किती वर्षांत टीव्हीवर लागलेली नाही. अशा किती असतील! ज्या सगळं गाव बघायचं आणि आता कुठेच दिसत नाहीत. रामायण-महाभारत नकोत, ती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुन्हा लागली. बाकीच्यांबद्दल लिहा. आईला वाचून दाखवणार आहे.

शेवंती
चिमणराव!! दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे. काळ्यापांढऱ्यात. माझे वडील एरवी हसायचे नाहीत, म्हणजे घरात त्यांचा धाकच होता. चिमणराव लागला की मात्र टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. आम्ही भावंडं टीव्ही कमी आणि वडिलांकडे जास्त बघायचो. आईला बरं वाटावं म्हणून लिहिलं ताई. खुबा लवकर भरून येऊ दे.

वांगीभात
एक शून्य शून्य. पोलीस तपासाची मालिका. शिवाजी साटम. दिग्दर्शक बी. पी. सिंग, म्हणजे १९९८ ला सीआयडी आली तीच जोडी, पण आम्ही आधी मराठीत बघितलेली. आमची चाळ, संडास गॅलरीच्या टोकाला, तिथला बल्ब कायम गेलेला. मालिका लागायची त्या रात्री एकटं जायची कुणाची छाती नव्हती. चार-पाच पोरं मिळून जायचो आणि बाकीचे बाहेर उभे राहून मोठ्याने पाढे म्हणायचे, आतल्याला धीर यावा म्हणून. माझे एकोणतिसाचे पाढे त्यामुळे आजही पक्के आहेत.

दर्यावर्दी
कोणाच्या टीव्हीला लाकडी सरकती दारं होती? आमच्या होती. बाबा कुलूप घालायचे परीक्षेत

शेवंती
@दर्यावर्दी आमच्याकडेही! वर आजीने विणलेला क्रोशाचा रुमाल

माळरान
मालिका नाही, पण लिहितो. आमच्या गावात सुरुवातीला दिल्लीचंच दिसायचं, मराठी नंतर आलं. ग्रामपंचायतीचा एकच टीव्ही. 'आमची माती आमची माणसं' हा शेतीचा कार्यक्रम लागायच्या आधी माझे वडील पाय धुऊन यायचे, जसं काही कीर्तनाला बसायचंय. हातात शंभर पानी वही आणि पेन्सिल. वडिलांचं शिक्षण चौथी. टीव्हीवरचा माणूस भराभर बोलायचा आणि यांचं अक्षर सावकाश, मग मला म्हणायचे, तू आकडे लक्षात ठेव, मी नावं लिहितो. मी आठ वर्षांचा असेन. घरी येईपर्यंत रस्ताभर आकडे पुटपुटत यायचो.

वडील जाऊन अकरा वर्षं झाली. वही माझ्याकडे आहे. एका पानावर बोर्डो मिश्रण, पिकावरच्या बुरशीचं औषध: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. नावं त्यांच्या अक्षरात, आकडे माझ्या. खाली लिहिलंय, 'लोखंडी भांडे नको. खिळा बुडवून पाहणे, तांबूस झाला तर चुना कमी.' आमच्या पानमळ्यावर तेच फवारलं वर्षानुवर्षं. गावातले बाकीचे लोक विचारायला यायचे तेव्हा वडील वही उघडून वाचून दाखवायचे, पाठ असूनही.

त्या कार्यक्रमाचे जुने भाग मिळाले तर मला बघायचेत. त्यातला कुठला तरी एक भाग आम्ही दोघांनी मिळून लिहून घेतलाय.

आजोळ
@माळरान दादा, हे आईला दोनदा वाचून दाखवलं.

कुंपणावरची मैना
सुरभी! सिद्धार्थ काक, रेणुका शहाणे. माझे वडील पोस्टात सॉर्टिंगला होते. शेवटी प्रश्न विचारायचे ना, त्याची उत्तरं पोस्टकार्डावर पाठवायची. पप्पा सांगायचे, आठवड्यातले काही दिवस एकाच पत्त्याची कार्डं पोत्यांनी यायची, हात दुखून यायचे. साधं कार्ड १५ पैशांना. पुढे पोस्टाने स्पर्धांसाठी वेगळं २ रुपयांचं कार्ड काढलं ते याच गर्दीमुळे. आमच्या घरी त्यावर मोठी चर्चा झाली होती, कारण मी दर आठवड्याला कार्ड मागायचे आणि आई म्हणायची दोन रुपयांची मेथी येते.

मी किती पाठवली देव जाणे. बक्षीस कधी आलं नाही. पण एकदा पप्पा घरी आले आणि म्हणाले, आज तुझं कार्ड माझ्या हाताखालून गेलं, अक्षर ओळखलं मी, त्यावर शिक्का नीट मध्यभागी बसवला. मला तेच बक्षीस वाटलं होतं.

पाटीपेन्सिल
प्रपंच आठवतं का कोणाला? समुद्राकाठचं घर. प्रतिमा कुलकर्णींची. सुधीर जोशी, प्रेमा साखरदांडे. १९९९, अल्फा मराठी (आताचं झी मराठी). आत्ता कुकर लावलाय, नंतर लिहिते

वांगीभात
प्रपंच +१. तसलं घर पाहिजे असं बायको अजून म्हणते

गुलबक्षी
'स्वामी'. रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल देव (आताच्या मृणाल कुलकर्णी) रमाबाई. गजानन जागीरदारांचं दिग्दर्शन. आमची आजी पुण्याची, तिला पेशव्यांचा इतिहास घरच्यासारखा. माधवरावांचा आजार वाढायला लागला तशी ती टीव्हीपुढे बसेना. शेवटच्या भागाला देवघरात जाऊन जप करत बसली. आम्ही हाका मारल्या तर म्हणाली, मला माहितीये थेऊरला काय होतं ते, मला बघायचं नाही. १७७२ साली गेलेल्या माणसाचं तिने त्या रात्री सुतक धरल्यासारखं केलं, जेवली नाही. पुढे थेऊरला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो तेव्हा देवळातून बाहेर आल्यावर मला म्हणाली, ती मुलगी चांगली होती गं, रमा. ती मालिकेतल्या मुलीबद्दल बोलत होती की खऱ्या रमाबाईंबद्दल, मी विचारलं नाही.

बंद पाकीट
साप्ताहिकी! रविवारी पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम सांगायचे. आई कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायची. छायागीत कुठल्या वारी असायचं, गुरुवार ना?

दर्यावर्दी
गुरुवार

निळी शाई
माझा भाऊ जन्मापासून ऐकू शकत नाही. घरात सगळे हसायचे तेव्हा तो आमच्या तोंडाकडे बघायचा. रविवारी दुपारी कर्णबधिरांसाठी बातम्या लागायच्या. पंधरा मिनिटं तो एकदम पुढे बसायचा आणि आम्ही सगळे मागे, कारण त्या वेळी त्यालाच कळायचं आणि आम्ही त्याला विचारायचो, काय म्हणाले? तो हातवारे करून सांगायचा, वडीलसुद्धा त्याला विचारायचे. त्यानंतर इतर भाषांतले पुरस्कार मिळालेले सिनेमे, खाली इंग्रजी अक्षरं. बंगाली, मल्याळी, कुठलेही. गल्लीतली बाकी पोरं कंटाळून निघून जायची. भाऊ मात्र इंग्रजी त्यातूनच शिकला, डिक्शनरी मांडीवर घेऊन. आज तो ड्राफ्ट्समन आहे. मी हे कधी कुणाला लिहिलं नव्हतं.

शेवंती
@निळी शाई भावाला नमस्कार सांगा आमचा

रीळ
मी टेपांच्या कामात पंचवीस वर्षं काढली म्हणून थोडं सांगतो, कारण 'परत का लावत नाहीत' हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. सुरुवातीचे कितीतरी कार्यक्रम थेट व्हायचे, त्यांचं चित्रण मुळात झालंच नाही. पुढे पाऊण इंची यू-मॅटिक टेपा आल्या. टेप परदेशी, महाग. कार्यक्रम एकदा दाखवून झाला की त्याच टेपेवर दुसरा चढवायचा ही तेव्हा जगभरच सर्रास पद्धत होती. कुणाच्या मनात दुष्टपणा नव्हता. ज्या उरल्या त्यांना दमट हवेत बुरशी लागते, वरचा थर भुकटीसारखा सुटतो आणि वाचायच्या यंत्राच्या हेडवर बसतो. ते यंत्र आता बनत नाही. बिघडलं की दुसऱ्या बंद पडलेल्या यंत्राचा भाग काढून घालायचा. एक टेप ओव्हनमध्ये मंद उष्णतेवर तासन् तास ठेवून मग एकदाच चालवायची, त्या एका फेरीत जे निघेल ते उतरवून घ्यायचं. मी अशा कितीतरी चालवल्यात. चित्र पडद्यावर उमटेपर्यंत श्वास रोखलेला असतो.

शिवाय हक्क. कथा एकाची, संगीत दुसऱ्याचं, निर्माता हयात नाही, वारस परदेशात. टेप धड असली तरी सही कोण करणार?

घरी कुणी व्हीएचएसवर काही उतरवून ठेवलं असेल तर कृपा करून फेकू नका. उभी ठेवा, कोरड्या जागी. स्पीकरपासून लांब.

कुंपणावरची मैना
@रीळ काका आमच्या माळ्यावर आहेत ६-७ कॅसेट! लेबलं गेलीत. उद्याच काढते

रीळ
घाईने लावू नका. आधी कॅसेटच्या खिडकीतून पांढरं काही, म्हणजे बुरशी, दिसतंय का बघा. दिसलं तर अजिबात चालवू नका, मला कळवा.

पारिजात
दामिनी. मराठीतली पहिली रोजची मालिका, १९९७. प्रतीक्षा लोणकर. दुपारची वेळ, आई आणि आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी दोघी बघायच्या. आई पलंगावर, मावशी खाली भिंतीला टेकून. आई रोज म्हणायची वर बसा, मावशी म्हणायच्या इथं गार लागतं.

त्या वर्षी आईला गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात ठेवलं, बारा दिवस. तिथे टीव्ही नव्हता. मावशी चार घरची कामं संपवून, आमच्याकडे दामिनी बघून, बस पकडून दवाखान्यात जायच्या आणि आईला त्या दिवशीचा भाग सांगायच्या. पात्रांचे आवाज काढून. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनाही गोडी लागली, त्यांनी 'मागचं थोडक्यात सांगा' म्हटलं, तर मावशींनी पहिल्यापासून सुरू केलं. नर्स सुद्धा थांबायची म्हणे. बाराव्या दिवशी आई घरी आली आणि मावशी तिच्याशेजारी पलंगावर बसल्या. त्या दिवसापासून वरच.

मावशी आता गावी असतात. या दिवाळीत भेटायला गेले तर पहिला प्रश्न, दामिनी परत लागते का गं कुठं?

गुलबक्षी
@पारिजात 😢❤️

बंद पाकीट
रानजाई राहिलं की. सरोजिनी बाबर आणि शांता शेळके. दोघी बसून जात्यावरच्या ओव्या सांगायच्या. सेट नाही काही नाही, नुसत्या गप्पा. माझी आजी सांगलीकडची, बाईंनी पहिली ओळ म्हटली की ही स्वयंपाकघरातून दुसरी म्हणायची. कधी कधी वेगळीच म्हणायची आणि वर म्हणायची, आमच्याकडं अशी आहे. ते लिहून घ्यायला हवं होतं आम्ही.

गुलबक्षी
@माळरान विषय वेगळा आहे पण विचारते. माझ्या लिंबाच्या खोडातून डिंक येतोय. बोर्डो चालेल का?

माळरान
चालेल ताई, पण फवारणीचं पातळ नको, पेस्ट लावा. मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी फक्त १० लिटर. तुम्हाला एका झाडाला १०० ग्रॅम, १०० ग्रॅम, १ लिटर पुरे. दोन्ही वेगवेगळं भिजवा, मग एकत्र करा. आधी डिंक आणि सडलेली साल धारदार चाकूने खरवडून काढा. प्लॅस्टिकची बादली घ्या.

आजोळ
सगळं वाचून दाखवलं आईला. साप्ताहिकीपर्यंत येता येता झोपली, उठल्यावर उरलेलं. पारिजातच्या मावशींचं ऐकून बराच वेळ गप्प होती. मी धीर करून विचारलं, आई, तू घरमालकांकडे कधी बसायची का नाहीस? पूर्ण मालिका उभ्याने बघितलीस.

म्हणाली, त्या बस म्हणायच्या गं. पण बसलं की पाहुणा होतो, चहा टाकावा लागतो त्यांना. दाराशी उभं राहिलं की 'निघालेच' म्हणता येतं.

आज स्वयंपाकघर ओलांडून गॅलरीपर्यंत गेली. गाणं तेच.

पाटीपेन्सिल
आले परत. कुकर झाला. बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी, सकाळी सावकाश वाचते. @आजोळ आईंना गॅलरीत खुर्ची ठेवा, परतताना दम लागतो

गुलबक्षी
@माळरान मोरचूद कुठे मिळेल, कृषी सेवा केंद्रात? आणि पावसाआधी लावू की नंतर?

माळरान
हो तिथेच. पावसाआधी एकदा, पाऊस संपल्यावर एकदा. वहीतलं ते पान फोटो काढून टाकतो संध्याकाळी, अक्षर लागेल तुम्हाला.