क्रियापदाला लिंग द्यावेच लागते

शेक्सपिअरची सुनीते (चौदा ओळींच्या कविता, म्हणजे सॉनेट) ही स्त्रीला लिहिलेली प्रेमपत्रे आहेत, त्यात दुसरे काही शोधू नये, असे एक मत मांडले जाते; ते मला मान्य होत नाही. 1609 साली छापलेल्या 154 सुनीतांपैकी पहिली 126 एका तरुण पुरुषाला उद्देशून आहेत असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि 1640 साली जॉन बेन्सन या प्रकाशकाने काढलेल्या आवृत्तीत काही ठिकाणी पुल्लिंगी सर्वनामे बदलून स्त्रीलिंगी केली गेली. म्हणजे तेव्हाही कोणाला तरी ही गोष्ट खटकत होती.

कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठी आम्ही काही मित्र अठराव्या सुनीताचे मराठी करत बसलो, तेव्हा ‘तू अधिक सुंदर आहेस’ इथपर्यंत काहीच अडले नाही. पुढे मृत्यूच्या सावलीत ‘भटकतोस’ लिहायचे की ‘भटकतेस’, यावर मात्र तासभर वाद झाला, कारण मूळ ओळीत लिंग नाही आणि मराठीत ते टाळता येत नाही. शेवटी आम्ही ‘भटकतोस’ ठेवले.

तरीही यावरून कवीच्या खासगी आयुष्याचा निवाडा करू नये, असे मला मनापासून वाटते. होनाजी बाळांसारख्या शाहिरांनी स्त्रीच्या तोंडच्या लावण्या रचल्या, ज्ञानेश्वरांनी विरहिणी लिहिली. तिथे आपण बोलणारी व्यक्ती आणि रचणारी व्यक्ती यांत सहज फरक करतो. तोच फरक इथे करावा, पण कवितेतला ‘तो’ मात्र पुसू नये.