शर्मिष्ठेच्या जागी कॅसिओपिया कशाला?

माळावरचा: काल इथे एकांनी लिहिलं, "सहावीच्या पोरांना ग्रीक राणीची गोष्ट कशाला? आपली शर्मिष्ठा आहे की." राहवलं नाही म्हणून लिहितोय. दोन्ही नावं आकाशातल्या एकाच तारकासमूहाची. शर्मिष्ठा वृषपर्व्याची लेक, कॅसिओपिया सेफियस राजाची बायको. आपल्या ताऱ्यांच्या नकाशांत शेजारच्या सेफियस तारकासमूहाचाच वृषपर्वा केलाय, म्हणजे बायकोच्या जागी लेक बसवली! आदिपर्वातली गोष्ट मलाही आवडते, पण ती त्या पाच ताऱ्यांची नाही. ग्रीक गोष्ट तिथेच घडते. राणी रूपाची बढाई मारते, समुद्रदेव पोसायडन समुद्रराक्षस धाडतो, तिच्या लेकीला, अँड्रोमेडाला खडकाला बांधतात, पर्सियस सोडवतो. आई, बाप, लेक, जावई सगळे शेजारी-शेजारी. पर्सियसच्या हातातल्या मेडुसा राक्षसिणीच्या मुंडक्यात अल्गोल तारा, दर 2 दिवस 21 तासांनी मंद होणारा. असं ऐकलेलं आकाश पोरं विसरत नाहीत.

रोहिणीशकट: म्हणून आपलं सगळं टाकायचं? आजी अंगणातून मृग दाखवायची. पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, त्याच रेषेत खाली व्याध. माझ्या मुलाला विचारलं तर म्हणे ओरायन, शिकारी. अहो, आपल्याकडे पेरणीची वाट मृगावर बघतात!

माळावरचा: मृगाची गोष्ट त्याच ताऱ्यांची आहे, ती जरूर सांगा. पण ओरायन म्हटल्याने काही बाटत नाही. टिळकांनी 1893 साली मृगशीर्षावरच्या ग्रंथाला तेच नाव दिलं.

वर्गशिक्षिका: नावांवर भांडताय, वर्गात उभं आम्हाला राहायचंय. बढाई आईची, बांधलं लेकीला. एका मुलीने विचारलं, "तिचं काय चुकलं?" तेव्हापासून मी ही गोष्ट सांगत नाही.

रोहिणीशकट: बघा! हे संस्कार?

वर्गशिक्षिका: थांबा. तुमच्या मृगाच्या गोष्टीत हरणाच्या रूपातला प्रजापती कुणामागे धावला? स्वतःच्या लेकीमागे, रोहिणीमागे. आजीने तेवढं गाळलं असणार.

रोहिणीशकट: आजीला मध्ये आणू नका. व्याधाने त्याच पापासाठी बाण मारला. तिथे शिक्षा बापाला झाली, लेकीला नाही.

वर्गशिक्षिका: हे मात्र मान्य. पण बाराव्या वर्षी ते सांगायचं कसं?

माळावरचा: त्या मुलीचा प्रश्न हाच खरा तास होता, बाई. तुम्ही गोष्टच बंद केलीत.

वर्गशिक्षिका: चाळीस मुलं आणि पस्तीस मिनिटं घेऊन एकदा उभे राहा, मग बोला.

रोहिणीशकट: सांगा तुमची कॅसिओपिया, एवढंच असेल तर. पण पुरती सांगा. शिक्षा म्हणून तिला खुर्चीसकट ध्रुवाभोवती फिरत ठेवली म्हणतात ना? अथेन्सहून ती मावळत नाही, पुण्याहून रोज मावळते. पोरांना हेही दाखवा.