‘झणझणीत सूप’ की कढण? आणि ‘हार्टी’ला मराठीत काय म्हणायचं?

रानजाई:
आमच्या नाशकातल्या इंदिरानगरच्या सोसायटीतल्या बायका मिळून थंडीतल्या पदार्थांची एक छोटी पुस्तिका काढतोय. मराठी नीट करायचं काम माझ्याकडे आलं. एकीने सुनेकडून आलेली इंग्रजी कृती दिली आहे. राजमा, गाजर, टोमॅटो, भरपूर लसूण, लाल मिरची, सगळं घट्टसर शिजवायचं. वर्णनात लिहिलंय की घरच्यांसाठी ‘हार्टी’ आणि तिखट सूप. मी लिहिलं, ‘घरच्यांसाठी पोटभरीचं झणझणीत सूप’. सासूबाईंनी वाचलं आणि पेन्सिलीने ‘सूप’वर काट मारली. म्हणाल्या, “सूप पाखडायला असतं. हे कढण आहे.” मला कढण म्हणजे आजारी माणसाला देतात ते मुगाचं पाणी एवढंच ठाऊक. शिवाय ‘पोटभरीचं’ मलाच पटत नाही. पोटभरीचं जेवण असतं, वाटीतून प्यायच्या पदार्थाला ते शोभत नाही. ‘हार्टी’ला चांगला शब्द सुचवा. रविवारी मजकूर छापायला द्यायचाय.

सिन्नरी:
सासूबाईंचं बरोबर आहे. आमच्याकडे सिन्नरला हुलग्याचं कढण व्हायचं, त्याला कुणी आजाऱ्याचं पाणी म्हटलं असतं तर आईला वाईट वाटलं असतं. ती रात्री हुलगे निवडून भिजत घालायची. सकाळी चुलीवर मऊ शिजले की दोन मुठी पाट्यावर वाटून परत त्याच पाण्यात सोडायची. कांदा आणि सुक्या खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर काळी होईस्तोवर भाजायची, मग काळा मसाला आणि सालासकट ठेचलेला लसूण. उकळी आली की कडेने लाल तवंग धरायचा आणि ओसरीवर बसलेल्या माणसालाही ठसका लागायचा. बाजरीची भाकरी चुरून वर ओतायचं. सकाळी एवढं खाल्लं की पोटाला आधार व्हायचा, उन्हं कलेपर्यंत भुकेची आठवण नाही.
कढण म्हणजे कढवलेलं. ते तिखट की सपक, हे घरावर अवलंबून.

शब्दवेडा:
ताई, पण ‘सूप’ परका समजून खोडू नका. संस्कृतात सूप म्हणजे डाळीचा पातळ पदार्थ, आपल्या वरणासारखा. सूपकार म्हणजे आचारी आणि पाकशास्त्राला सूपशास्त्र असाही शब्द आहे. इंग्रजांनी हा शब्द इथूनच नेला, असं मी लहानपणापासून ऐकत आलोय.

तांबटआळी:
नेला हे मान्य नाही, शब्दवेडा. इंग्रजीतलं सूप फ्रेंचमधून आलंय आणि त्याचा जुना अर्थ रसात भिजवलेला पावाचा तुकडा. त्या तुकड्यावरून पुढे रसालाच ते नाव पडलं. उच्चार सारखा म्हणून नातं जोडायचं नाही. सिन्नरी यांनी भाकरी चुरून ओतायचं लिहिलंय, ते मला त्या जुन्या अर्थाच्या सगळ्यात जवळचं वाटतं.
आणि पाखडायचं सूप तिसरंच. ते ‘शूर्प’वरून आलं. नाशकात राहून हे विसरायचं कसं? शूर्पणखा म्हणजे सुपासारखी नखं असलेली. तिचं नाक पंचवटीत कापलं म्हणून गावाला नासिक म्हणतात, असं आपण शाळेपासून ऐकतो.

गंगाघाट:
नाकाची गोष्ट सांगायला छान आहे, पण आमचे आजोबा ‘नासिक नव टेकांवर वसविले’ म्हणायचे. नऊ शिखरं, नवशिख, नासिक. मला हेच खरं वाटतं. जुन्या नाशकात चढ-उतार चालून बघा.

तांबटआळी:
पतंजलींच्या महाभाष्यात ‘नासिक्य’ आहे, त्यात ‘नव’ कुठून काढणार? उद्या सावानात, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात, जाऊन दाते-कर्व्यांचा मराठी शब्दकोश बघून येतो. सूप, कढण, सार, सगळं एकदम.

रानजाई:
काका, नक्की बघा. पण माझा ‘हार्टी’ राहिला.

द्राक्षबाग:
मी निफाडचा. थंडीत पारा उतरला की द्राक्षं वाचवायला पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. घरी आल्यावर जे गरम, तिखट, पातळ पानात पडतं त्याला आमच्याकडे एकच नाव, कालवण. मटकीचं असो, अंड्याचं असो, बोंबलाचं असो. भाकरी कालवून खायची म्हणून कालवण. कढण आमच्याकडे बाळंतिणीला.

सिन्नरी:
भाऊ, कालवण भाकरीला लावायचं असतं, नुसतं पीत नाहीत. ताईंचा पदार्थ प्यायचा आहे.

शब्दवेडा:
मग ‘सार’ म्हणा. प्यायचं आहे, तिखट आहे, शुद्ध संस्कृत शब्द आहे. भगूर इथून हाकेच्या अंतरावर. तिथे जन्मलेल्या सावरकरांनी दिनांक, महापौर असे शब्द दिले आणि ते आज सगळे वापरतात. थोडा आग्रह धरला तर स्वयंपाकघरातही होईल.

तांबटआळी:
सार शुद्ध संस्कृत हे कुणी सांगितलं? कन्नडात सारु, तमिळमध्ये चाऱु, दोन्हींचा अर्थ रस. आपल्या ताटातलं सार त्या बाजूने आलं असणार.
कागदावरचे शब्द ठरवून बदलता येतात, चुलीपुढचे नाही. आमसुलाचं, टोमॅटोचं सार पातळ आणि गाळीव असतं. त्यात राजमा तरंगायला लागला तर वाढणारी बाई त्याला सार म्हणणार नाही. घट्ट करायला पीठ लावलं की ‘आळण’, पुरणाच्या डाळीचं पाणी वेगळं काढलं की ‘कट’, फोडी असल्या की ‘रस्सा’, आंबट पडलं की ‘आमटी’. एवढी बारीक विभागणी बायकांनी कोशाशिवाय सांभाळली आहे. तिथे एक शब्द लादला की बाकीचे पुसले जातात, याची मला खरंच काळजी वाटते.

गंगाघाट:
कटावरून आठवलं. मिसळीवरचा कट आणि पुरणाचा कट एकच का? कोल्हापूरकडे मिसळीला कट, नागपूरला तर्री, पुण्यात सॅम्पल. आपल्याकडे रस्साच मागतात.
आणि ‘झणझणीत’वर कुणी बोललंच नाही. जिभेला लागतं ते तिखट. कानशिलं तापली, डोक्यात झिणझिण्या आल्या की झणझणीत. राजमा-गाजराच्या सुपाला तो शब्द द्यायचा तर मिरची तेवढी हवी.

शब्दवेडा:
मिरची तरी कुठे आपली? पोर्तुगीजांबरोबर आली. त्याआधी तिखटपणा मिऱ्याचा, म्हणून तर नाव मिरची.

द्राक्षबाग:
आली तेव्हा आली. आता घरची आहे. सूपही तसंच. माझी मुलं सूप म्हणतात, सगळ्यांना कळतं.

रानजाई:
सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. हुलग्यांपाशी त्यांनी थांबवलं आणि म्हणाल्या, “हे बघ, ‘पोटाला आधार’. तुझा शब्द हाच.” ‘घरच्यांसाठी आधाराचं, झणझणीत…’ असं लिहून बघितलं.

सिन्नरी:
ताई, बोलताना मी सहज लिहिलं ते. पण आधार उपासाला म्हणतात ना? दोन घास साबुदाणा, तेवढाच आधार. घट्ट, कसदार वाडग्याला ‘आधाराचं’ कमी पडतं.

गंगाघाट:
‘दमदार’?

तांबटआळी:
दमदार फारसी. पण चालेल.

शब्दवेडा:
फारसी चालतं तर ‘शोरबा’ काय वाईट होता?

रानजाई:
‘आधाराचं’च्या पुढची जागा कोरी ठेवलीय. सासूबाईंनी हुलगे भिजत घातलेत, उद्या दोन्ही करून शेजारी शेजारी ठेवणार आहोत. काका, सावानात ‘कढण’ आधी बघा.