ग्लॉस्टर रेगनला 'नॉटी' का म्हणतो??

शंखपुष्पी:
शेक्सपिअरचं किंग लिअर वाचतेय, टिपा नसलेली जुनी कॉपी आहे त्यामुळे अडलंय. तिसऱ्या अंकात म्हाताऱ्या सरदार ग्लॉस्टरला त्याच्याच घरात खुर्चीला बांधलंय, राजा लिअरची मुलगी रेगन त्याची दाढी उपटतेय, थोड्या वेळात डोळे काढणारेत आणि हा बाबा तिला काय म्हणतो तर 'नॉटी लेडी'! मला फिसकन हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली. त्याआधी विदूषकपण म्हणतो की पोहायला रात्र नॉटी आहे. विनोद आहे का हा?

जुनाबाजार:
विदूषकाचा आहे, ग्लॉस्टरचा अजिबात नाही. नॉटी आलाय शून्यवाल्या 'नॉट'वरून, म्हणजे मुळात ज्याच्याकडे काहीच नाही तो, मग टाकाऊ, मग दुष्ट. पोरांचा खोडकरपणा वगैरे नंतर रुळलं. 1600 च्या आसपास हा शब्द चांगला झोंबायचा, ज्युलियस सीझरच्या पहिल्याच सीनमध्ये तो चांभार सरळ उत्तर देत नाही तर त्याला 'नॉटी नेव्ह' म्हणून झापलंय, आणि मेझर फॉर मेझरमधलं 'नॉटी हाऊस' म्हणजे चक्क कुंटणखाना. 1611 च्या इंग्रजी बायबलात तर यिर्मया संदेष्ट्याच्या गोष्टीतल्या टोपलीतली अंजिरं नॉटी आहेत, खाववत नाहीत इतकी सडकी!

शंखपुष्पी:
नॉटी अंजीर, हाहा. म्हणजे मर्चंट ऑफ व्हेनिसमधली पोर्शिया लांबून मेणबत्तीचा उजेड बघून नॉटी जगातल्या चांगल्या कृत्याबद्दल बोलते, ते मी कॉलेजात खट्याळ दुनिया समजून पाठ केलेलं

ओसरी:
आपल्या 'व्रात्य'चं सेम झालंय की. मनुस्मृतीत व्रात्य म्हणजे ज्याची मुंज वेळेत झाली नाही, संस्कारातून बाहेर पडलेला. आणि आता आजी नातवाला कौतुकानेच म्हणते, व्रात्य कार्टं मेलं. पण म्हणून मराठीत करताना ग्लॉस्टरच्या तोंडी व्रात्य घालू नका हां, 'नीच बाई' करा सरळ.

जुनाबाजार:
नीच बरोबर पण 'बाई' नको वाटतं, ती राजाची मुलगी आहे आणि लगेच पुढे तो म्हणतो मी तुमचा यजमान आहे, दाढी उपटली जात असतानाही पायरी सोडत नाही तो. 'दुष्ट बाईसाहेब' कसं वाटतं?

शंखपुष्पी:
चालेल! आणि विदूषकाची रात्र? 'भिकार रात्र' करू?

जुनाबाजार:
एक नंबर. ज्याच्याकडे काही नाही तो भिकारी, नॉटीचा सगळ्यात जुना अर्थ तोच होता.