‘प्रोग्रेशन’ला मराठीत काय म्हणावं?

चाफेकळी: मावशीच्या कर्करोगाच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘प्रोग्रेसिव्ह डिसीज’ आलंय. अ‍ॅपने त्याचं ‘प्रगतिशील रोग’ केलं. तिने ‘प्रगती’ तेवढं धरलं आणि खूश झाली. नेमका शब्द सुचवाल का?

क्षकिरण: ‘प्रगती’ अजिबात नको. मराठीत प्रगती माणसाची होते, आजार बळावतो. ‘आजार वाढलाय’ हे सरळ आणि पुरेसं आहे.

यामागे ‘रिसिस्ट’ नावाचे, स्कॅनवर गाठी वाढल्या की उतरल्या हे ठरवायचे नियम आहेत. ते २००० साली आले, २००९ मध्ये सुधारले. मोजता येतील अशा जास्तीत जास्त पाच गाठी निवडायच्या, एका अवयवातल्या दोनच, आणि त्यांच्या व्यासांची बेरीज करायची. बेरीज पहिल्यापेक्षा ३० टक्के किंवा जास्त उतरली की ‘पार्शल रिस्पॉन्स’. उपचारांत गाठलेल्या सर्वांत कमी बेरजेवरून २० टक्के, आणि निदान ५ मिलिमीटर, वाढली की ‘प्रोग्रेशन’. नवी गाठ दिसली तरी तेच. अधलंमधलं सगळं ‘स्टेबल’.

लातूरकर: मग ‘पार्शल’ला ‘अल्प प्रतिसाद’ म्हणणं घातकच. १०० मिलिमीटरची बेरीज २० वर आली तरी रिपोर्टात ‘पार्शल’च येणार! मी ‘चांगला उतार’ म्हणेन. तापाला उतार पडतो हे घरातल्या सगळ्यांना कळतं. आणि ‘स्टेबल’ला ‘स्थिर’?

क्षकिरण: ‘उतार’ आवडला. ‘स्थिर’ मात्र जपून वापरा. बातम्यांतलं ‘प्रकृती स्थिर’ माणसाबद्दल असतं, इथे गोष्ट गाठींच्या मापाची आहे. ‘मापात फार फरक नाही’ म्हणावं. मूळची वाढणारी गाठ तिथेच थांबली असेल तर तेही औषधाचं यश असतं, हे सांगायला विसरू नये.

लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगात, नुसतं माप पुरत नाही, उपचारानंतर मृत ऊतींचा गोळा मागे राहू शकतो. म्हणून पेट स्कॅनमध्ये गाठ ग्लुकोज किती ओढते ते यकृताशी ताडून १ ते ५ गुण देतात. तिथे ‘गाठ उरली, पण निवली’ असं म्हणता येईल.

चाफेकळी: मावशीला इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणारा उपचार, चालू आहे. रिपोर्टात ‘अनकन्फर्म्ड’ असंही लिहिलंय.

क्षकिरण: मग तो शब्द आधी सांगा! या उपचारात कधीकधी रोगप्रतिकारक पेशी गाठीत शिरल्यानेही ती फुगलेली दिसते. असं थोड्यांच बाबतीत होतं, पण त्यासाठीच २०१७ मध्ये वेगळे नियम केले: चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून मगच वाढ पक्की धरायची. मावशींना म्हणा, ‘वाढ दिसतेय, पण अजून पक्की नाही’. आणि पुढच्या स्कॅनची तारीख डॉक्टरांना याच भेटीत विचारून घ्या.