शब्दचर्चा: चिंता टाकणे, भरवसा आणि ‘देवभरोसे’

प्रश्न (म्हापसा): आजाऱ्यांच्या भेटीला जाताना वाटायचे कोकणी प्रार्थनेचे पान मराठीत आणायचे आहे. ‘हुसको करूं नाकात’ला ‘काळजी करू नका’ आणि ‘देवाचेर भरवंसो दवरात’ला ‘सारे देवभरोसे सोडा’ असे केले आहे. दुसरे वाक्य कानाला खटकते.

फोंडा: खटकणारच. मराठीत रस्ता देवभरोसे असतो, दवाखाना देवभरोसे असतो. म्हणजे बघायला कोणी नाही. आजाऱ्याला वाटेल, औषधे बंद करायला सांगताहेत! ‘देवावर हवाला ठेवून’ही नको, त्यात ‘होईल ते होईल’ असा सूर आहे. सरळ ‘देवावर भरवसा ठेवा’ लिहा. ‘भाव ठेवा’ही चालेल, बायबलच्या नीतिसूत्रे ३:५ मध्ये मराठीत ‘परमेश्वरावर भाव ठेव’ असेच आहे.

म्हापसा: ‘भाव’ फार वारकरी वाटत नाही का?

फोंडा: फादर स्टीफन्स या इंग्रज मिशनऱ्याच्या मराठी ख्रिस्तपुराणात (रायतूर, गोवा, १६१६) स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. त्यापुढे भाव काहीच नाही.

मडगाव: मला पहिले वाक्य जास्त अडचणीचे वाटते. १ पेत्र ५:७ बघा: ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो.’ चिंता माणसाची, काळजी देवाची. मूळ ग्रीकमध्येही इथे दोन वेगळे शब्द आहेत, मेरिम्ना आणि मेलेइ. तुम्ही दोन्हीकडे ‘काळजी’ घातलीत तर वाक्याचा कणाच मोडतो.

पण सगळीकडे इतके सोपे नाही. मत्तय ६:२५-३४ मध्ये ‘मेरिम्नाओ’ हे क्रियापद सहा वेळा येते आणि सहाही वेळा चिंतेबद्दलच. तेच क्रियापद फिलिप्पै ४:६ मध्ये टाळायला सांगितले आहे, तर २:२० मध्ये पौलाचा सहकारी तीमथ्य याच्या कौतुकासाठी वापरले आहे. तिथे ते काळजी वाहणे आहे, चिंता नव्हे. ग्रीकला एका शब्दावर भागवता येते, मराठीला संदर्भ बघून निवडावे लागते.

फोंडा: मान्य. क्रियापदे सांभाळा. काळजी घेतात, करतात, वाटते, लागते. यातली ‘घेणे’ ही कृती, बाकीची मनाची अवस्था. चिंता मात्र कोणी ‘घेत’ नाही, ती करतात, वाहतात, टाकतात. म्हणून आजाऱ्याच्या घरच्यांना नुसते ‘काळजी करू नका’ न म्हणता दोन वाक्ये करा: ‘चिंता देवावर टाका. औषधाची, पथ्याची काळजी घ्या.’ ‘बेफिकीर राहा’ तर कदापि नको, ‘निश्चिंत’ चालेल.

मडगाव: आणखी एक खाच. कोकणी चर्चमध्ये ‘भावार्थ, भरवंसो आनी मोग’ हे त्रिकूट आहे, म्हणजे विश्वास, आशा, प्रीती (१ करिंथ १३:१३). त्यामुळे कोकणी भरवंसो प्रत्येक वेळी मराठी भरवसा नसतो, आणि ‘भावार्थ’ तसाच उचललात तर मराठी वाचक कवितेचा सारांश समजेल. तुमच्या पानावर ‘देवाचेर … दवरात’ आहे म्हणून भरवसाच बरोबर. पण त्याच पानावर हे त्रिकूट आले असेल तर तिथे ‘आशा’ घाला.

म्हापसा: आले आहे, शेवटच्या परिच्छेदात. तिथे बदलतो. ‘हुसको’चे मात्र सगळीकडे ‘चिंता’च करतो.

मडगाव: करा. फक्त औषध-पथ्याच्या ओळीत ‘काळजी घ्या’ राहू द्या.